अंथरुणाला खिळलेलं माणूस गावच्या घरी ठेवणं खरंच स्वस्त पडतं का?

गुहागरकर:

चाकरमान्यांच्या घरात हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘घर स्वतःचं, तांदूळ शेतातला, गावात असा खर्च तो काय येणार?’ माणूस हिंडतंफिरतं आहे तोवर हे खरं. अंथरुण धरलं की हा हिशेब कोसळतो.

आमचे वडील अर्धांगवायूनंतर गावीच आहेत, सोबत आई. दिवसपाळीच्या बाईला महिन्याला १४ हजार. रात्रीचा माणूस गावात मिळेना, म्हणून चिपळूणच्या ब्युरोतून आणला, त्याचे १५ हजार, वर राहणं-जेवण आमच्याकडे. डायपर, औषधं आणि फिजिओथेरपिस्टची फेरी धरून आणखी १२. झाले ४१ हजार. यात इन्व्हर्टर नाही, आणि तो हौसेने घेतलेला नाही. वडिलांना शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून एअर बेड आहे, त्याचा पंप विजेवर चालतो. पावसात लाइट गेली की तासाभरात गादी बसते आणि माकडहाड खाली फळीला टेकतं. मग रात्रभर कुणीतरी दर दोन तासांनी कूस बदलायची. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडची गावं किती दिवस अंधारात होती ते आठवा.

पुण्याजवळच्या एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये चौकशी केली. खोली, जेवण, चोवीस तास मदतनीस आणि नर्स मिळून ३८ हजार. मग घर स्वस्त कसं?

देवगडची लेक:

दादा, ३८ हजार हा दरपत्रकावरचा आकडा झाला. हातात बिल येतं तेव्हा डायपर वेगळे, औषधं वेगळी, फिजिओ वेगळा. माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. डिपॉझिट किती, त्यातलं परत किती मिळतं, दरवर्षी वाढ किती आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं तर उशाशी कोण बसणार, हे लेखी विचारा. जीएसटीचंही विचारा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमाला राहण्या-जेवणासकट माणशी महिना २५ हजारांपर्यंत माफी आहे. तुमचा आकडा त्याच्या वर जातो.

आणि मुख्य म्हणजे, बाबांना पुण्याला नेलंत तर आई कुठे राहणार? ती सोबत गेली तर दुसरा माणूस, दुसरं बिल. ती गावी राहिली तर दोन ठिकाणचा खर्च, वर तिची काळजी. घराला कुलूप लावलं तरी शाकारणी चुकत नाही. दोन पावसाळे बंद राहिलेल्या घराच्या वाशांना वाळवी कशी लागते हे तुम्हाला मी सांगायला नको.

मालवण बंदर:

ताईंचं बरोबर आहे. आमच्या आजीचं एकच पालुपद होतं, ‘माका माझ्याच घरात मरूचा आसा.’ पडवीत खाट टाकलेली, येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जायचा. शेजारची बाई पेज देऊन जायची, कुणी मासे आणून द्यायचा. शहरात या प्रत्येक गोष्टीचे पैसे पडतात. तुम्ही फक्त गेलेले पैसे मोजताय, न लागलेले मोजत नाही.

राजापूरची सून:

न लागलेले पैसे म्हणजे माझे पैसे. शेजारीण पेज देते, पण अंथरुण कोण धुतं? सासूबाईंचं सगळं मी करते. त्यासाठी खासगी शाळेतली नोकरी सोडली. पगार १६ हजार होता, सोबत पीएफही गेला. उचलून-उचलून कंबर कामातून गेली. दीर मुंबईहून महिन्याला १० हजार पाठवतात आणि सगळ्यांना सांगतात, ‘आईचा खर्च आम्ही करतो.’ गुहागरकर भाऊंच्या हिशेबात निदान दोन पगारी माणसं तरी आहेत. कोकणातल्या बहुतेक घरांत त्या जागी सून असते नाहीतर लग्न न झालेली बहीण, आणि म्हणून घर ‘स्वस्त’ दिसतं. मी सासूबाईंना कुठे पाठवा म्हणत नाही. त्यांचा जीव इथेच रमतो आणि माझाही त्यांच्यावर आहे. पण फुकट कुणी काही करत नाहीये, एवढं तरी म्हणा.

निवृत्त बँकवाला, रत्नागिरी:

सूनबाईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. थोडं पैसे येतात कुठून त्याबद्दल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात, म्हणजे महिना २०,५००. पुरी ठेव असली तरी गुहागरकरांच्या ४१ आणि ३८ हजार या दोन्ही आकड्यांच्या जेमतेम निम्मे. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान भारतमध्ये २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. घरची बाई किंवा संस्थेची फी त्यात बसत नाही. घरावर रिव्हर्स मॉर्गेज घेऊ म्हणाल, म्हणजे घरात राहूनच ते बँकेकडे गहाण ठेवून हप्त्याने पैसे घ्यायचे, तर त्याला स्वतःच्या नावावरचं, बोजा नसलेलं घर लागतं. आपल्याकडे घर सामाईक, आजोबांच्या नावानंतर वारस तपास झालेलाच नाही. बँक दारातूनच परत पाठवते.

माझं मत असं: एका पाळीच्या बाईवर भागत असेल तर घर नक्की स्वस्त. रात्रीचा माणूस लागला की पारडी जवळजवळ सारखी होतात. मग पैशांवर नाही, माणसांवर ठरवावं.

गुहागरकर:

आईचा मुद्दा वजनदार आहे, त्यासाठी दोघांचा मिळून दर मागवतो. पण दवाखान्याचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडून चिपळूण ४५ किलोमीटर, तिथे भागलं नाही तर घाट चढून कोल्हापूर किंवा पुणे. मागच्या वेळी रात्री ॲम्ब्युलन्सने नेलं. त्या एका फेरीने महिन्याचं गणित मोडलं. पुण्याजवळ राहिले तर हा खर्चही नाही आणि तो जीवघेणा वेळही जात नाही.

देवगडची लेक:

हे मान्य, आम्ही तर थेट गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठतो. तरी मी माझ्या आईला संस्थेत हलवणार नाही. तिला अजून माणसं ओळखू येतात, आवाजावरून कोण आलंय ते सांगते. त्या पैशांत रत्नागिरीत दवाखान्याजवळ भाड्याची खोली घेऊन पावसाळ्याचे चार महिने तिथे ठेवायचं, असं आमचं ठरतंय. बाई तीच, सोबत येणारी.

राजापूरची सून:

ताई, ती सोबत येणारी बाई तिच्या घरचं सोडून चार महिने येणार असेल, तर तिचा पगार तोच ठेवू नका. आणि मी या रविवारी दिरांना फोन लावून सांगणार आहे, १० हजार औषधांचे झाले, माझ्या कामाचे वेगळे धरा. नाहीतर महिन्यातले आठ दिवस तुम्ही येऊन राहा.