फॉर्म्युला वनमध्ये ३१ अंशांनाच उष्णतेचा इशारा? मग नागपूरच्या मे महिन्यात काय होईल?

धरमपेठचा प्रेक्षक:
नमस्कार मंडळी. २०२५ च्या हंगामापासून फॉर्म्युला वनमध्ये असा नियम आला आहे, की शर्यतीच्या वेळी उष्णता निर्देशांक ३१ अंश सेल्सिअसच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर उष्णतेचा धोका अधिकृतपणे जाहीर होतो आणि प्रत्येक गाडीत चालकाला गार ठेवणारी यंत्रणा बसवावीच लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला हा इशारा पहिल्यांदा दिला गेला. नवतपात पारा ४५ च्या पुढे गेलेला पाहणाऱ्या नागपूरकराला ३१ अंशांचे हे कौतुक वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही. तरीही गंभीरपणे विचारतो, की मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडे शर्यत घेतली, तर आधी कोण हार मानेल, चालक की टायर? जाता जाता आणखी एक शंका आहे. आम्ही काही मित्र रविवारी रिमोटवरच्या गाड्या पळवतो आणि उन्हाळ्यात त्यांच्या मोटरी फार तापतात. त्यावर कोणी उपाय सुचवल्यास बरे होईल.

बेसा रोडवरचा अभियंता:
तुमचे हसू समजू शकतो, पण तो आकडा तापमापीवरचा नाही. उष्णता निर्देशांकात हवेतील आर्द्रताही धरलेली असते, त्यामुळे ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर निर्देशांक ३५ च्या आसपास जातो. आपल्या घरचा कूलर याची उत्तम साक्ष देतो. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा अंगावर शहारा आणते आणि जुलैत तोच कूलर नुसती चिकट हवा फेकतो, कारण दमट हवेत पाण्याची फारशी वाफ होत नाही. घामाचेही तसेच आहे.

हा नियम कशामुळे आला, तेही पाहायला हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारची शर्यत रात्री झाली, म्हणजे उन्हाचा प्रश्नच नव्हता. मात्र टायरच्या सुरक्षिततेसाठी एका संचावर जास्तीत जास्त १८ फेऱ्यांची मर्यादा घातली गेली, त्यामुळे टायर जपण्यासाठी वेग आवरता घेण्याची गरजच उरली नाही आणि सर्वांनी ५७ फेऱ्या जवळजवळ पूर्ण जोराने मारल्या. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि लोगन सार्जंटला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. माझ्या मते आपल्या कोरड्या उन्हात चालक सिंगापूरपेक्षा बरा राहील.

मेडिकल चौकातला वाचक:
कूलरचे उदाहरण पटले, निष्कर्ष मात्र पटला नाही. घाम उडून जाण्यासाठी त्वचेला हवा लागावी लागते, आणि इथे चालकाच्या अंगावर आगीपासून वाचवणारे आतले कपडे, त्यावर अनेक थरांचा पोशाख, हातमोजे, डोक्याला कापडी टोपडे आणि वर हेल्मेट असते. कोरड्या हवेचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचणारच किती? शिवाय हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की वेगाने अंगावर आदळणारा वारा शरीर तापवतो. आपण मे महिन्यात दुचाकीवर चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळतो तो हौस म्हणून नव्हे. म्हणूनच नव्या यंत्रणेत बारीक नळ्या शिवलेले बनियन दिले आहे आणि त्या नळ्यांतून गार द्रव खेळवला जातो. इशारा जाहीर झाल्यावर यंत्रणेपोटी गाडीचे किमान वजन ५ किलो वाढवले जाते. बनियन घालायचे की नाही हे २०२५ मध्ये चालकावर सोपवले होते, पण न घालणाऱ्याला अर्धा किलो वजन वाहून न्यावे लागे, म्हणजे अंग भाजून घेऊन वेळ वाचवण्याचा मोह राहत नाही. मला हा या नियमातला सर्वांत शहाणा भाग वाटतो.

आता गाडीकडे वळू. ३० ऐवजी ४५ अंश तापमान असेल, तर हवेची घनता साधारण ५ टक्क्यांनी घटते. पंखांमुळे गाडीला जमिनीकडे दाबणारे बल घनतेच्याच प्रमाणात असल्याने तेही तितकेच कमी होते, गाडी वळणावर अधिक घसरते आणि घसरण्यानेच टायरचा पृष्ठभाग आणखी तापतो. इंजिन गार ठेवायला बाजूच्या पत्र्यांत जादा झरोके उघडावे लागतात, त्याने हवेचा विरोध वाढतो आणि सरळ रस्त्यावरचा वेग जातो. स्लिक, म्हणजे खाचा नसलेले टायर १०० अंशांच्या आसपास उत्तम पकड देतात, पण आपल्या दुपारच्या डांबरावर त्यांना त्या पातळीवर रोखून धरणेच कठीण होईल. त्यामुळे माझे मत टायरच्या बाजूने, म्हणजे त्यांच्या विरोधात आहे.

धरमपेठचा प्रेक्षक:
दोघांचेही आभार. वेग वाढला की गारवा वाढतो, असे मी आजवर सरसकट धरून चाललो होतो. भारतीय ग्रां प्रीच्या, म्हणजे भारतातल्या फॉर्म्युला वनच्या, २०११ ते २०१३ या तिन्ही शर्यती ऑक्टोबरच्या अखेरीस झाल्या, हे आयोजकांनी चांगलेच केले म्हणायचे. मोटरींचे मात्र राहूनच गेले.

मानेवाड्याचा रिमोटवाला:
ते मी सांगतो. बहुतेक जण आधी पंखा लावतात, पण पहिला उपाय गिअरचा आहे. मोटरच्या दांड्यावरचा पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, एक-दोन दात कमी असलेला लावा. कमाल वेग थोडा उतरेल, पण मोटरवरचा भार आणि त्याबरोबर उष्णता लगेच कमी होईल. त्यानंतर चाके हाताने फिरवून बेअरिंग अडकत नाही ना, हे पाहा, कारण धुळीच्या मैदानावर निम्मी उष्णता तिथेच तयार होत असल्याचा माझा अनुभव आहे. लिथियम पॉलिमर बॅटरी ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि गाडी थांबवल्यावर ती गरम असतानाच चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती कितीही महाग असो, पुन्हा वापरू नये. आणि बंद कारच्या डिकीत बॅटऱ्या ठेवून मैदानावर चहा पीत बसणाऱ्यांना, म्हणजे आमच्या गटातील जवळजवळ सर्वांना, हे वेगळे सांगावे लागते.