सोसायटी ग्रुप: सुक्या पाल्याचं टिंक्चर

*वर्षावहिनी, ए विंग:* गच्चीवरची तुळस छाटून सावलीत वाळवलीय. मंदारदादा, टिंक्चरला (दारूत मुरवून काढलेल्या अर्काला) प्रमाण काय धरू? वाटीने मोजलं तर चालेल?

*मंदार, बी विंग:* वाटीने नको वहिनी, वजनकाटा घ्या. ५० ग्रॅम सुंठ मुठीत मावते, ५० ग्रॅम तुळशीला अख्खी बरणी लागते. सुंठ, ज्येष्ठमध, सालींना १:५, म्हणजे ५० ग्रॅमला २५० मिली व्होडका. तुळस, पुदिना, गवती चहा तेवढ्यात बुडत नाहीत. तिथे १:८, म्हणजे ४०० मिली. वर तरंगणारं पान काळं पडतं.

*वर्षावहिनी:* मिक्सरला बारीक करू का?

*मंदार:* भरडच ठेवा, खलबत्त्यात दोन ठोके पुरे. पूड तळाशी घट्ट बसते, मधे दारू शिरत नाही आणि गाळताना फडकं तुंबतं.

*सचिन, सी विंग:* घरात सर्जिकल स्पिरिटची बाटली पडून आहे. तेच वापरलं तर?

*नीलिमाताई (वैद्य):* अजिबात नाही सचिन. ते पोटात घ्यायचं नसतं, सॅनिटायझरही नाही. त्यात मिथेनॉल किंवा आयसोप्रोपिल असू शकतं. मिथेनॉलने डोळे जातात, जीवही जातो. दुकानातली साधी व्होडका घ्यायची, लेबलवर ४२.८ टक्के असतं. आणि हो, आपल्या राज्यात दारू बाळगायला परमिट लागतं.

*सचिन:* हळद-गुग्गुळ पण टाकतो मग एकातच 😄

*नीलिमाताई:* राळ आणि हळदीचा रंग एवढ्या पाणीदार दारूत नीट उतरत नाही, त्याला ९० टक्क्यांच्या आसपास लागतं. राहू दे. आणि एका बरणीत एकच वनस्पती. त्रास झाला तर कशाने झाला ते तरी कळेल.

*अशोककाका, ए विंग:* आपल्याकडे खरी भानगड दमटपणाची. आगोटीआधी वाळवलेलं असेल तरच बघा. श्रावणात वाळवलेला पाला हाताला सुका लागतो, पण देठ वाकतो. देठ कट्कन मोडला पाहिजे, पान चुरताना आवाज आला पाहिजे.

*वर्षावहिनी:* थोडा ओलसर राहिला तर काका? दारूत बुरशी मरतेच ना?

*मंदार:* बुरशी मरते, तिने आधीच सोडलेलं विष मरत नाही. उलट अफ्लाटॉक्सिनसारखं विष दारूत चांगलं विरघळतं. कुबट वास आला किंवा पांढरी लव दिसली की टाकूनच द्या, उन्हात घालून वापरायचं नाही. नुसता थोडा दमट, वास स्वच्छ असेल तर ओव्हनमध्ये ४० अंशांच्या आसपास दार किंचित उघडं ठेवून फिरवा. जास्त तापवलं तर तुळशीचा वास उडतो, म्हणजे कामाचं तेलच गेलं.

*सचिन:* आणि थेट ओली पानं?

*मंदार:* १०० ग्रॅम ओल्या पानांत ८० मिलीच्या आसपास पाणी धर. २०० मिली व्होडकात ते मिसळलं की ४२.८ चे ३० टक्के होतात. टिकाऊपणा घसरतो. नवख्याने सुक्यावरच करावं.

*वर्षावहिनी:* किती दिवस ठेवू?

*मंदार:* तीन-चार आठवडे, अंधारात, रोज एकदा हलवून. काचेची बरणी, पत्र्याचं झाकण असेल तर खाली बटर पेपर. मग मलमलीतून गाळून चोथा घट्ट पिळा. सुंठीच्या २५० मिलीतून २०० च्या आसपास हाती येईल. एक रात्र ठेवून वरचं निवळ तपकिरी बाटलीत भरा. लेबलवर वनस्पती, भाग, प्रमाण, दारूचे टक्के, तारीख. समई आणि गॅसपासून लांब.

*अशोककाका:* आमच्याकडे दारू चालत नाही. दुसरा काही मार्ग?

*नीलिमाताई:* आहे काका. खाण्यायोग्य ग्लिसरीन तीन भाग, उकळून गार केलेलं पाणी एक भाग. गोड लागतं, पण अर्क कमी उतरतो आणि वर्षभरात संपवायचं. माडीचा सिरका घेतलात तर पत्र्याचं झाकण गंजेल.
बाकी, गरोदर बायका, लहान मुलं, यकृताचे रुग्ण, मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असलेले, यांनी दारूचं टिंक्चर घ्यायचं नाही. गरम पाण्यात टाकलं तरी सगळी दारू उडत नाही. बीपी असेल तर ज्येष्ठमध नको. गुळवेल स्वतःच्या मनाने नको, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

*सचिन:* गणपतीत स्टॉल लावू या का?

*नीलिमाताई:* औषध म्हणून विकायला परवाना लागतो. घरापुरतंच.

*वर्षावहिनी:* चोथा कंपोस्टच्या पिंपात चालेल ना?

*मंदार:* ताटात पसरून दारूचा वास जाईपर्यंत खिडकीत ठेवा, मग टाका. एकदम पिंपभर नको.