शब्दचर्चा: ‘मजबूत’ म्हणजे ताकद, ताठपणा की चिवटपणा?

प्रश्न
पदविकेच्या मुलांसाठी ग्लासफायबर (काचेचे धागे) आणि रेझिन (त्यांना धरून ठेवणारी, घट्ट होणारी राळ) यांच्या संमिश्र पदार्थांवर मराठी टिपणं लिहिते आहे. स्ट्रेंग्थ, स्टिफनेस, टफनेस या तिन्हींना ‘मजबुती’ चालेल का? आणि ‘काचसंक्रमण तापमान’ लिहिलं की मुलांना ते काचेच्या धाग्याचं वाटतं. त्याला काय म्हणावं?

उत्तर
‘मजबुती’ कृपा करून नको. या विषयात तोच शब्द सगळा घोटाळा करतो. नेहमीच्या वापरातला काचेचा ताजा धागा ३,००० मेगापास्कलच्या (ताणाचं एकक; हजार मेगापास्कल म्हणजे एक गिगापास्कल) वर ताण सोसतो, साधं बांधकामाचं पोलाद ४०० च्या आसपास तुटतं. म्हणजे ताकद धाग्याची जास्त. पण ताठपणा पाहिला तर पोलाद २०० गिगापास्कल, काचेचा धागा जेमतेम ७२ आणि इपॉक्सी रेझिन ३. म्हणजे धागा सहज तुटणार नाही, पण वाकेल. आता यातलं ‘मजबूत’ कोणाला म्हणायचं?

तुटायला किती जोर लागतो ती ताकद. वाकायला किती लागतो तो ताठपणा. टफनेसला ‘चिवटपणा’ इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना दुसरा शोधूच नये. काच ठिसूळ, घट्ट झालेलं पॉलिएस्टर रेझिनही ठिसूळ, पण दोन्ही मिळून चिवट होतात. रेझिनमधून धावत आलेली भेग धाग्यापाशी अडते, वळते, धागे रेझिनमधून उपसून काढावे लागतात आणि त्यात तिचा जोर खर्ची पडतो. बांबू चिवट असतो तोही असाच, तंतू आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या लिग्निनच्या जोडीमुळे. ओरखडा न उमटणं ही चौथीच गोष्ट, तिला ‘टणकपणा’.

काचसंक्रमणाबद्दल तुमची अडचण खरी आहे. इथली ‘काच’ म्हणजे रेझिनची अवस्था: त्या तापमानाखाली ते काचेसारखं कडक, वर गेलं की रबरासारखं नरम. धाग्याची काच ८०० अंशांच्या पुढे मऊ होते, तिचा इथे संबंध नाही. खोलीच्या तापमानाला घट्ट केलेल्या इपॉक्सीचं हे तापमान ६० अंशांच्या आसपास असू शकतं, उष्णता देऊन पक्कं केलेल्याचं १२० च्या वर जातं. मी ‘रेझिन नरमण्याचं तापमान’ लिहीन आणि पारिभाषिक शब्द एकदाच जोडीला देईन. ‘वितळण्याचं’ मात्र लिहू नका. असं रेझिन वितळत नाही, फार तापलं तर करपतं.

प्रश्न
पटलं. आणि डिलॅमिनेशन? कोशातल्यासारखं ‘स्तरविलगन’ करून ठेवलंय, पण वाचताना अडखळायला होतं.

दुसरं उत्तर
‘पदर सुटणे’. पोळीचे सुटतात तेच. मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चटईचा) एकेक थर रेझिनमध्ये भिजवून, रोलर फिरवून चढवतात. मध्ये हवा राहिली किंवा नंतर मार बसला की तिथे पदर सुटतात, वरून कधी काहीच दिसत नाही. फायबरच्या होडीचा पत्रा तपासताना नाण्याने ठोकत जातात. चांगल्या जागी खणखणीत वाजतं, पदर सुटलेल्या जागी बद्द. टिपणात हा ‘बद्द आवाज’ही येऊ द्या.