ओंडक्याखाली सापडलेला हा प्राणी कोणता? विषारी आहे का?

प्रश्न
नमस्कार. आम्ही अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतो. घराच्या मागच्या भिंतीलगत रचलेली लाकडे पावसानंतर हलवताना, सर्वांत खालच्या, कुजू लागलेल्या ओंडक्याखाली बोटभर लांबीचा एक प्राणी दिसला. आधी सापसुरळीचे पिल्लू वाटले. परंतु अंगावर खवले नव्हते, कातडी ओलसर आणि चकचकीत होती. अंग करडे असून डोक्यामागून शेपटीवर विटकरी रंगाचा सरळ पट्टा गेला होता. ओंडका उचलल्यावरही तो पळाला नाही, अंग मुडपून पडून राहिला. घरात रांगते मूल आहे, म्हणून तो विषारी आहे का आणि त्याला तेथून हलवावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
वर्णनावरून हा लाल पाठीचा सॅलमँडर, म्हणजे प्लेथोडॉन सिनेरियस, असावा. तो सरडा नव्हे, बेडकासारखा उभयचर आहे. सरड्याच्या बोटांना नख्या असतात आणि बहुतेक सरड्यांच्या डोक्याच्या बाजूला कानाचे छिद्र दिसते. सॅलमँडरला यांपैकी काहीच नसते. खात्री करायची असल्यास पोट पाहावे. या जातीच्या पोटावर मीठ-मिरपूड सांडल्यासारखे पांढरे-काळे बारीक ठिपके असतात. ओढ्याकाठी आढळणाऱ्या दोन रेघांच्या सॅलमँडरचे पोट पिवळे असते, तर चार बोटांच्या सॅलमँडरचे पांढरे, त्यावर ठळक काळे ठिपके, आणि त्याची शेपूट बुडाशी आवळल्यासारखी दिसते.

हा प्राणी आपल्या कुटुंबाला मुळीच धोकादायक नाही. तो दंश करत नाही, लाकूड पोखरत नाही. माइट, मुंग्या, वाळवी असे बारीक जीव खाऊन राहतो. त्याला फुप्फुसे नसतात. श्वसन सर्वस्वी ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून होते, त्यामुळे कातडी सुकली की तो गुदमरतो. भिंतीलगतच्या ओलीत तो राहतो त्याचे कारण हेच. कोरड्या हातांनी, विशेषतः हाताला सॅनिटायझर किंवा डास पळवणारे मलम लागलेले असताना, त्याला उचलू नये. शेपटीला तर धरूच नये. जीव वाचवण्यासाठी तो ती तोडून टाकतो आणि शेपटीत साठवलेली चरबी त्याबरोबर जाते.

प्रतिसाद २
वरील माहितीशी सहमत आहे. फक्त एक सावधगिरी सुचवतो. त्याच भागात पाणसॅलमँडराची नारिंगी रंगाची पिल्लेही जमिनीवर हिंडतात. त्यांची कातडी कोरडी व खरखरीत असते आणि पाठीवर काळ्या कडांचे लाल ठिपके असतात. त्यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. स्पर्शाने सहसा अपाय होत नाही, परंतु ते मुलाच्या तोंडात जाता कामा नये. कोणताही उभयचर हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

प्रश्नकर्ता
आपणां दोघांचे मनःपूर्वक आभार. त्याला ओल्या पानांसह पारदर्शक डब्यात क्षणभर ठेवून खालून पाहिले. ठिपके अगदी सांगितल्याप्रमाणेच आहेत. मात्र शेजारच्या ओंडक्याखाली तेवढ्याच आकाराचा दुसरा दिसला, त्याच्या पाठीवर पट्टाच नाही, तो संपूर्ण शिसवी करडा आहे. ही वेगळी जात समजावी का?

प्रतिसाद १
नाही, पोट तसेच ठिपक्यांचे असेल तर जात तीच. या जातीत पट्ट्याचे आणि बिनपट्ट्याचे असे दोन्ही रंगप्रकार एकाच ठिकाणी सापडतात.

दोघांनाही जेथे सापडले तेथेच राहू द्यावे. ओंडका आधी जसा होता तसा ठेवावा आणि मग प्राण्याला त्याच्या कडेशी सोडावे, म्हणजे तो आपणहून आत शिरेल. प्राण्यावर ओंडका ठेवल्यास तो चिरडू शकतो. उन्हाळ्यात तर खालचे ओंडके हलवूच नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मादी त्या सुमारास ओंडक्याखालच्या पोकळीत मोजकी अंडी घालते आणि कित्येक आठवडे त्यांना वेटोळे घालून राखण करते. या जातीची पिल्ले पाण्यात वाढत नाहीत, अंड्यातून थेट छोटे सॅलमँडर बाहेर पडतात. म्हणून त्यांना तळे लागत नाही, तो ओला, न हललेला ओंडका मात्र लागतो.