तलावाच्या वाढीव मोबदल्याचं व्याज रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं, आता जादा कर किती बसेल?

धारूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक, तालुका धारूर, जिल्हा बीड. दर जुलैला शाळेतून फॉर्म १६ मिळाला की तालुक्याच्या गावात एका ऑनलाइन कामं करणाऱ्या पोराकडं जायचं, पाचशे रुपये द्यायचे आणि रिटर्नची पावती खिशात घालून यायचं, हा आपला शिरस्ता. त्यामुळं खाली जे विचारतोय ते अडाण्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

१९९६ साली आमची सव्वातीन एकर जमीन साठवण तलावात गेली. तेव्हा मिळालेला मोबदला सांगायचीसुद्धा लाज वाटते. दादांनी (आमचे वडील) वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात अर्ज केला. तारखा, पुन्हा तारखा, मग निकाल, मग सरकार अपिलात औरंगाबाद खंडपीठात. २०१७ ला दादा गेले. वारस म्हणून आई, मी आणि बहीण अशी तिघांची नावं लागली. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पैसे आले. प्रत्येकाच्या वाट्याला मुद्दल साधारण दीड लाख आणि त्यावरचं व्याज सहा लाख. व्याजावर दहा टक्के, म्हणजे साठ हजार टीडीएस कापून खात्यावर ६,९०,००० जमा झाले.

जमिनीच्या मोबदल्यावर कर नसतो, असं गावात सगळेच म्हणत होते. मीही तेच धरून चाललो. २०२४ च्या जुलैत नुसत्या पगाराचं रिटर्न भरलं, आयटीआर-१, जुनी करप्रणाली, सगळ्या वजावटी जाऊन उत्पन्न ८,४०,०००. पगारातून पूर्ण कर कापलेला होता, देणं शून्य.

आता मोबाइलवर मेसेज आलाय की तुमच्या एआयएसमधली (प्राप्तिकर खात्याकडं असलेल्या आपल्या उत्पन्न-व्यवहारांच्या यादीतली) माहिती आणि रिटर्न जुळत नाही. उघडून बघितलं तर ते सहा लाख तिथं ठळक दिसायलेत. पैसे तर कधीच संपले. बोअर पाडलं, पुढच्या खोलीवर स्लॅब टाकला, बाकीचे पोराच्या लातूरच्या क्लासला आणि मेसला गेले. आमचा एक सहकारी म्हणतो दुप्पट दंड बसंल. तीन दिवस झाले, रात्री झोप नाही.

हा जादा कर रिटर्नमध्ये नेमका कसा दाखवायचा आणि अंदाजे किती बसेल?

नांदेड_सीए

सर, आधी झोपा निवांत. दुप्पट दंड वगैरे काही नाही, अजून तरी नाही.

पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करा. वाढीव मोबदल्याचं मुद्दल आणि त्यावरचं व्याज. शेतजमीन सक्तीनं संपादित झाली तर मुद्दलावर तुम्हाला कर नाही, तिथपर्यंत गावकरी बरोबर. व्याज मात्र 'इतर उत्पन्न' या शीर्षाखाली करपात्र आहे, आणि ते ज्या वर्षी हातात पडलं त्याच वर्षी धरायचं असतं. २०१०-११ या करनिर्धारण वर्षापासून (म्हणजे उत्पन्न मिळालं त्याच्या पुढचं आर्थिक वर्ष) हा नियम आहे. सत्तावीस वर्षांचं व्याज एकाच वर्षाच्या डोक्यावर, हे जाचक आहेच. म्हणूनच कलम ५७(४) खाली त्यातलं निम्मं सरसकट वजा मिळतं, त्यासाठी कुठला खर्च दाखवावा लागत नाही. म्हणजे तुमचं करपात्र व्याज सहा नाही, तीन लाख.

तुमचं रिटर्न २०२४-२५ या करनिर्धारण वर्षाचं. ते सुधारायची मुदत वाढवून दिली होती, तीही १५ जानेवारी २०२५ लाच संपली. आता उरतं ते अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू, कलम १३९(८ए). २०२२ पासून ही सोय आहे. राहिलेलं उत्पन्न आपणहून दाखवायचं, त्यावरचा कर आणि व्याज भरायचं, आणि या दोन्हींच्या बेरजेवर वरून 'अतिरिक्त प्राप्तिकर'. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत भरलं तर २५ टक्के, चोवीस महिन्यांच्या आत ५० टक्के. पूर्वी इथंच दार बंद व्हायचं. २०२५ च्या वित्त कायद्यानं ते अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत उघडं ठेवलं, पण तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के.

तुमचे बारा महिने ३१ मार्च २०२६ ला संपतात. आज तारीख बघा.

एक सांगा, नुसता मेसेज आलाय की नोटीस? करनिर्धारणाची कारवाई सुरू झालेली असेल तर हा रस्ता बंद. आणि शेतीचं उत्पन्न किती दाखवता?

बायपास_बघ्या

कशाला भरताय गुरुजी. आमच्या गल्लीत चौघांना असे मेसेज आलेत, कुणी हललं नाही.

नांदेड_सीए

चौघांना आलेत म्हणजे चौघांची माहिती तिकडं आहे, एवढंच त्याचा अर्थ. विभागानं स्वतः काढलं तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, आणि मुद्दाम लपवलं असं ठरलं तर २०० टक्के. सरांचे सहकारी जे 'दुप्पट' म्हणाले ते हेच. आपणहून भरणाऱ्याला ते नाही.

धारूरचा_मास्तर

सीए साहेब, फक्त मेसेज आणि ईमेल. नोटीस नाही, पोर्टलवर 'ई-प्रोसिडिंग्ज'मध्येही काही दिसत नाही.

शेतीचं म्हणाल तर तलावात गेल्यावर दोन एकर उरली. २०२३ ला आमच्या धारूरचं नाव त्या दुष्काळी चाळीस तालुक्यांच्या यादीत होतं. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० होता म्हणे, आडतीवर तेवढा कुणाला मिळाला ते मला माहीत नाही, मला नाही मिळाला. बियाणं, फवारणी, काढणीची मजुरी आणि मळणी यंत्राचं भाडं काढलं तर हातात तीन-चार हजार राहिले असतील. पावत्या आहेत.

नांदेड_सीए

पावत्या जपून ठेवा. हे विचारलं त्याला कारण आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी निव्वळ पाच हजारांच्या वर गेलं की बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते जमेस धरतात. समजा तुम्ही नव्वद हजार दाखवले असते, तर तुमच्या या उत्पन्नाला सेससकट तेवीस हजारांवर कर वाढला असता. मास्तर लोक हौसेनं शेतीचा आकडा फुगवून सांगतात, त्यांच्यासाठी म्हणून लिहिलं.

आता तुमचा हिशेब. जुन्या प्रणालीत ८,४०,००० वर सेससकट कर ८३,७२०, तो पगारातून गेलेला. तीन लाख मिळवून उत्पन्न झालं ११,४०,०००, त्यावर कर १,६०,६८०. फरक ७६,९६०. त्यातून व्याजावर कापलेले साठ हजार वजा, कारण आधीच्या रिटर्नमध्ये तुम्ही त्यांची मागणी केलेलीच नव्हती. राहिले १६,९६०.

यावर आगाऊ कर भरला नाही म्हणून २३४बी चं व्याज, महिन्याला एक टक्का, एप्रिल २०२४ पासून मार्च २०२६ पर्यंत चोवीस महिने, ४,०५६. हप्ते चुकल्याचं २३४सी चं ८५३ च्या जवळपास. पहिलं रिटर्न वेळेत भरलेलं, त्यामुळं उशिराचं शुल्क आणि उशिराच्या रिटर्नचं २३४ए चं व्याज काही नाही. बेरीज २१,८६९, तिचे २५ टक्के ५,४६७. एकूण २७,३३६.

हेच एप्रिलमध्ये भरलं तर अतिरिक्त कर ५० टक्क्यांनी अकरा हजारांवर जाईल, एकूण तेहतीस हजार.

धारूरचा_मास्तर

सत्तावीस हजार! मी लाखभर धरून बसलो होतो. पतपेढीत कर्जाची चौकशीसुद्धा करून आलो.

अंबाजोगाई_कोर्टाजवळ

मी वकील, भूसंपादनाचीच कामं जास्त. सीए साहेबांचा हिशेब बरोबर आहे. व्याज मुद्दलाच्या चौपट कसं असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. १८९४ च्या कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ आणि पुढं दर वर्षी १५ टक्के सरळव्याज. सत्तावीस वर्षं धरा, ३९९ टक्के होतात. खटला जेवढा रेंगाळला तेवढं व्याज, आणि तेवढाच कर. माझ्या अशिलांना हे उलगडून सांगायला गेलं की ते माझ्याकडंच संशयानं बघतात.

त्या कायद्याच्या कलम २८ चं, म्हणजे हेच वाढीव रकमेवरचं व्याज हा मोबदल्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये घनश्याम प्रकरणात म्हटलं होतं. त्या आधारावर पूर्ण माफी मागणारे आहेत. पण नंतर कायदा बदलला आणि पंजाब-हरियाणासारख्या उच्च न्यायालयांनी व्याज करपात्रच धरलं. सतरा हजारांच्या करासाठी तुम्ही त्या भानगडीत पडू नये, असं माझं मत. एक पिढी कोर्टात गेली, तेवढं पुरे.

कोर्टाचा हिशेब-तक्ता मात्र नकलेसकट काढून ठेवा. मुद्दल किती, व्याज किती हे त्यावरच सिद्ध होतं.

आणि सर, आईच्या रिटर्नचं काय?

धारूरचा_मास्तर

आईचं? तिचं काय रिटर्न असणार. वय ६८, दुसरं उत्पन्न काही नाही. पॅन होतं म्हणून दहा टक्केच कापले, तेवढं बरं झालं. बहिणीचं तिच्या सासरच्या सीएनं तेव्हाच व्यवस्थित भरलं, मला बोलली नाही. (याच्यावरून दिवाळीत झालंच जरा.)

नांदेड_सीए

वकील साहेबांनी नेमकं बोट ठेवलं. सर, खरं नुकसान इथं आहे. आईंचे सहा लाख, निम्मे वजा जाता तीन लाख. ज्येष्ठ नागरिकाला तेव्हा तीन लाखांपर्यंत करच नव्हता. म्हणजे त्यांचे साठ हजार पूर्ण परत मिळायला हवे होते. रिटर्न भरलं नाही म्हणून ते सरकारकडं पडून आहेत.

आणि आयटीआर-यू इथं चालत नाही. त्यातून फक्त जादा कर भरता येतो. परतावा मागता येत नाही, वाढवता येत नाही, तोटाही दाखवता येत नाही.

पण मार्ग आहे. कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज. १ ऑक्टोबर २०२४ च्या ११/२०२४ या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो, म्हणजे आईंना मार्च २०३० पर्यंत. एवढ्या रकमेचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांच्या पातळीवर होतो. पोर्टलवर 'सर्व्हिसेस'मध्ये 'कंडोनेशन रिक्वेस्ट' आहे, त्यातून करा. कारण खरं ते लिहा: वय, शिक्षण, आयुष्यात कधी रिटर्न भरलेलं नाही, पतीच्या निधनानंतर वारस म्हणून एकदाच मिळालेली रक्कम. सोबत निकालपत्र, हिशेब-तक्ता, फॉर्म २६एएस (कापलेल्या टीडीएसची खात्याकडची नोंद). मंजुरी आली की मगच रिटर्न.

तुमच्या स्वतःच्या फॉर्मबद्दल दोन गोष्टी. आयटीआर-१ मध्ये ५७(४) ची वजावट घ्यायला जागा नाही, तेव्हा अद्ययावत रिटर्न आयटीआर-२ वर करा, इतर उत्पन्नाच्या परिशिष्टात सहा लाख पूर्ण दाखवून तिथंच तीन लाख वजा करा. परस्पर तीन लाखच लिहिले तर एआयएसशी पुन्हा जुळणार नाही. कारण विचारतात तिथं 'उत्पन्न बरोबर दाखवलं नाही' हे निवडा. आणि पैसे आधी भरा, चलनाचा क्रमांक फॉर्ममध्ये लागतो. एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतो, म्हणून सबमिट करण्याआधी कुणाकडून तरी डोळ्याखालून घाला.

बायपास_बघ्या

साहेब, आमच्या पण आजीचं असंच असंल का? तिची माजलगावच्या धरणात गेली.

नांदेड_सीए

पैसे कोणत्या वर्षी आले आणि टीडीएस किती कापला ते २६एएस बघून सांगा. आता हलायलेत म्हणा तुमच्या गल्लीतले.

धारूरचा_मास्तर

झालं एकदाचं. यावेळी त्या ऑनलाइनवाल्या पोराकडं नाही गेलो, शाळेतल्या नव्या मॅडमनी लॅपटॉपवर भरून दिलं. युटिलिटीत (रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आकडा सीए साहेबांच्या आकड्याला अगदी चिकटून आला, २७,३४०. आधार ओटीपीनं व्हेरिफाय केलं. ओटीपी यायला वीस मिनिटं लागली, शाळेत रेंज फक्त चिंचेखाली येते.

आईचा अर्ज वकील साहेबांना विचारून काल टाकला. कारणात लिहिलं, 'अर्जदार निरक्षर असून अंगठा करते.' लिहिताना हात अडखळला थोडा, पण खरं तेच आहे.

साठ हजारांचं तिला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर रोज सकाळी चहाच्या वेळेला विचारील, आले का म्हणून.