संस्थेचा निम्मा खर्च पगारावर? मग शिकवायला कोण येणार?

पावतीपुस्तक (धागाकर्ता)
काल इथेच एकाने लिहिलं : 'मुलांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा ताळेबंद पाहिला. निम्म्याहून जास्त खर्च पगारावर! बेकारांच्या नावाने स्वतःची सोय. मी देणगी बंद केली.' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

अहो, मुलाखतीला कसं बसायचं, एक्सेलमध्ये हजेरी कशी मांडायची, साहेब ओरडले तरी दुसऱ्या दिवशी कामावर का जायचं, हे शिकवायला माणूस लागतो. त्याचा पगार हाच इथला कच्चा माल. मी अशाच एका संस्थेचे हिशोब आठ वर्षं फुकट लिहितोय. देणगी देणाऱ्या कंपनीने करारात प्रशिक्षकाचा पगार मंजूर केला, प्रोजेक्टर मंजूर केला, वीजबिल नामंजूर. प्रोजेक्टर काय फुंकर मारून चालवायचा? ते बिल तीन विश्वस्तांनी वर्गणी काढून भरलं. कंपनीचा हप्ता आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सोबत मेल : ३१ तारखेच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्या. त्याआधीचे दोन महिने प्रशिक्षिका बिनपगारी येत होत्या.

रोखठोक
तो 'एकाने' म्हणजे मीच. नाव घ्यायला हरकत नव्हती. माझ्या भाच्याने अशाच एका संस्थेत तीन महिने काढले. शेवटी बॅनरसमोर फोटो, प्रमाणपत्र, आणि एक ऑफर लेटर, ज्या जागी तो एक दिवसही गेला नाही. दोन महिन्यांनी फोन : 'तपासणीवाले विचारतील, नोकरीवर आहे म्हणून सांग.' आता सांगा, मी पगाराचा आकडा बघून चिडू नको?

नियमावली
भावना बाजूला ठेवा. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चात, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, कायदाच आहे. निम्मा पगार म्हणजे सरळ उल्लंघन.

पावतीपुस्तक
@नियमावली, नावाला जागा की हो. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात धरतच नाहीत. २०२१च्या दुरुस्तीत व्याख्या दिली आहे, वाचा. २० टक्क्यांची मर्यादा आहे ती परदेशी देणगीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाला, २०२०मध्ये ५०वरून खाली आणलेली. आम्हाला परदेशातून दमडी येत नाही. शिवाय वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या बाईंचा पगार 'प्रशासकीय' कुठल्या हिशोबाने?

नियमावली
बरं, ५ टक्क्यांचं मान्य. पण सूर खाली घ्या.

दुसरी_बॅच
मी ती बिनपगारी प्रशिक्षिका. @रोखठोक, तुमच्या भाच्याला तो फोन का आला ते सांगते. सरकारी कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात पैसे असे मिळायचे : बॅच सुरू झाली की ३० टक्के, मुलं प्रमाणित झाली की ५०, नोकरी लागल्याचं सिद्ध झालं की उरलेले २०. खासगी देणगीदारांनीही तोच साचा उचलला. आमच्या करारात पुरावा म्हणजे सलग तीन महिन्यांची पगारपावती. माझ्या वर्गातली एक मुलगी एका दुकानात हिशोबाला लागली. मालक वेळेवर पगार देतो, पण रोख. पावती मागितली तर म्हणाला, 'उद्यापासून येऊ नकोस.' तिने मागणं सोडलं. दीड वर्ष झालं, ती तिथेच आहे, घर तिच्यावर चाललंय. आमच्या अहवालात ती बेकार.

रोखठोक
म्हणजे पुरावा मागितला म्हणून खोटं बोलावं लागलं? चोराच्या उलट्या बोंबा. ताई, तुमची मुलगी खरी असेल, माझा भाचाही खरा आहे.

दुसरी_बॅच
चोर कोणाला म्हणताय? दोन महिने पगार न घेता वर्गावर गेले ते चोरी करायला का?

जुना_मॉनिटर
मूळ मुद्दा राहू द्या, कंपन्या भंगार संगणक 'दान' देतात त्यावर कोणी बोलणार आहे का? आमच्याकडे एकदा वीस आले, सहा चालू. बाकीचे ठेवायला जागा नाही, आणि भंगारात काढायचे तर देणाऱ्याची परवानगी हवी. वर फोटो मागितला तो निराळाच.

दाता_क्र_१
आणि माझं ८०जीचं, देणगीवरच्या करसवलतीचं? देणगी दिली, फॉर्म १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) ३१ मेपर्यंत यायला हवा होता, जुलै उजाडला तरी पत्ता नाही. फोन केला की 'सर, लेखापाल सुट्टीवर.'

पावतीपुस्तक
ही चूक संस्थेचीच, सारवासारव करत नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. पण तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जीची वजावट तशीही मिळत नाही, तेव्हा आधी ते बघा.

दाता_क्र_१
…नवीच घेतली आहे. पण प्रश्न तत्त्वाचा आहे!

रोखठोक
विषय नोकरीच्या पुराव्याचा चाललाय. दुकानाची पावती नसेल तर तीन महिन्यांनी मुलीला फोन करा, तिचं म्हणणं लिहून घ्या. 'पावती नाही' असा वेगळा रकाना ठेवा. एवढं जमत नाही?

दुसरी_बॅच
जमतं, करतोही. माझ्या वहीत तो रकाना आहे. देणगीदारांच्या एक्सेलमध्ये 'हो' आणि 'नाही' एवढंच आहे, आणि 'नाही' वाढले की पुढचा हप्ता अडतो.

व्याजखाऊ
एवढे हप्ते अडतात तर गंगाजळी का नाही ठेवत? सहा महिन्यांचे पगार बाजूला ठेवले की झालं.

पावतीपुस्तक
कशातून ठेवू? प्रकल्पाचा पैसा प्रकल्पालाच लागतो. सुट्या, म्हणजे प्रकल्पाशी न बांधलेल्या, देणग्यांतून १५ टक्के शिल्लक टाकता येतात. बाकी ८५ टक्के त्याच वर्षी कामावर लावायचे, नाहीतर आयकर खात्याकडे तसा फॉर्म भरून, कारण सांगून पाच वर्षांपर्यंत राखायचे. ते करूही, पण सुट्या देणग्याच किती येतात? त्यातून थोडी शिल्लक दिसली की पुढच्या बैठकीत हमखास ऐकायचं, 'एवढे पडलेत, मग मागता कशाला?' आणि नसली की, 'तुमची संस्था टिकेल याची खात्री काय?'

व्याजखाऊ
हे मात्र आमच्या सोसायटीसारखंच निघालं.

रोखठोक
ठीक आहे. पगाराबद्दल लिहिलेलं मागे घेतो, म्हणजे अर्धं. भाच्याला आलेल्या फोनबद्दलचं एक अक्षर मागे घेणार नाही. ताईंना उद्देशून 'चोर' नव्हतं, तरी लागलं असेल तर माफी. आणि पावतीपुस्तक, एवढा छातीठोक हिशोब असेल तर लेखापरीक्षण अहवाल पाठवा. बॅनरचा फोटो नको.

पावतीपुस्तक
पाठवला. पान ११, वीजबिल. विश्वस्तांची वर्गणी त्याखालच्या ओळीत आहे.

रोखठोक
पाहिलं. यंदाचं बिल कितीचं आहे?