आधी पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटर नंतर

दादा, 1972ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) नाशकात आली हे वाचूनच भारी वाटलं, अभिनंदन! दुरुस्तीला कुठून सुरुवात करू असं विचारलंय तुम्ही, आणि वरच्या उत्तरांत बहुतेक जण म्हणतायत आधी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोला. मला नाही पटत.

आधी पेट्रोलचे रबरी पाइप बघा. पंपावर आता ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. पाइप हाताने वाकवा, बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला काळं लागलं तर तो गेला समजा, दुकानात इथेनॉल चालणाराच मागा, कारण या गाडीत कार्बोरेटरच्या खालीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा पाइप) आहे, तिथं गळलं तर थेट आग.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं, त्यात आपला पावसाळा, म्हणून सगळं काढून डॉट 4 दर्जाचं नवं भरा, तोवर कसारा घाटाचं नावही काढू नका.

या गाडीतल्या एसयू कंपनीच्या कार्बोरेटरचं म्हणाल तर एअर फिल्टर आणि वरचा डँपर (पिस्टनची हालचाल संथ करणारा तेलातला दांडा) काढायचा, पिस्टन बोटाने उचलून सोडायचा, खाली टक् आवाज आला म्हणजे अडकत नाहीये. डँपरमध्ये 20डब्ल्यू50 इंजिन ऑइल चालतं. ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी.

किंगपिनच्या (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीच्या) निपलला ग्रीस मारायचं सगळे विसरतात. सीटमागच्या 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांखाली गंज पण बघाच. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका हो, स्टँड लावा.